‘सिस्टीम घेत नाही’ हे उत्तर कायद्याला चालू नये

गेल्या नोव्हेंबरात आईच्या हयातीच्या दाखल्यासाठी आम्ही दोघी बँकेत गेलो होतो. आई शासकीय अध्यापक विद्यालयात शिकवत असे; निवृत्त होऊन तिला २४ वर्षे झाली आहेत आणि निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून आपण हयात असल्याचे ती दर वर्षी नोव्हेंबरमध्ये बँकेला दाखवते. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. तेव्हापासून तिच्या चेहऱ्याची डावी बाजू थोडी उतरलेली आहे आणि डावी पापणी पुरती मिटत नाही. काउंटरवरच्या तरुणाने मोबाइल तिच्यासमोर धरला आणि “आजी, डोळ्यांची उघडझाप करा” असे चार-पाच वेळा अगदी मायेने सांगितले, पण तिचा चेहरा आधारमधल्या नोंदीशी काही जुळेना. मग बोटांचे ठसे घेऊन पाहिले. ८२व्या वर्षी बोटांवरच्या रेषा इतक्या झिजलेल्या, की दहापैकी एकही बोट लागले नाही. शेवटी त्याने माझ्याकडे पाहून सांगितले, “ताई, सिस्टीम घेत नाहीये.”

शाखेतले एक जुने अधिकारी हे पाहत होते. त्यांनी कपाटातून कोषागाराकडून आलेली निवृत्तिवेतनधारकांची छापील यादी काढली, आईच्या नावावर बोट ठेवले आणि म्हणाले, “बाई, इथे सही करा.” आईने सही केली, त्यांनी शेजारी आपली सही आणि शिक्का मारला, आणि दोन मिनिटांत काम झाले. परतताना रिक्षात ती एवढेच म्हणाली, “अगं, मी तिथेच बसले होते ना.”

मी नाशिकच्या न्यायालयात वकिली करते, आणि आईचे ते वाक्य तेव्हापासून माझ्या मनातून गेलेले नाही. त्या दिवशी तिचे निवृत्तिवेतन सुरू राहिले ते दोन गोष्टींमुळे: यंत्राच्या बाजूने कागदाचा मार्ग नियमाने शिल्लक ठेवलेला होता, आणि तो मार्ग वापरण्याचा अधिकार असलेला माणूस त्याच इमारतीत, हाकेच्या अंतरावर बसलेला होता. या दोहोंपैकी एक जरी नसते, तर डिसेंबरपासून तिचे वेतन थांबले असते आणि ते का थांबले हे सांगायला कोणी नसते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे नियमन आणि मानवी हक्क यांवर सध्या पुष्कळ लिहिले जाते, त्यात यंत्र किती बुद्धिमान होईल, ते माणसाच्या पुढे जाईल का, असे प्रश्न मोठ्या उत्साहाने चर्चिले जातात. मला मात्र यंत्राच्या बुद्धीपेक्षा त्या छापील यादीची आणि त्या अधिकाऱ्याच्या शिक्क्याची काळजी वाटते. यंत्राने माणसाविरुद्ध निर्णय दिला, तर त्या माणसाला कारण मिळाले पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकून निर्णय फिरवू शकणारा माणूस भेटला पाहिजे. नियमनाच्या कोणत्याही कायद्याची पहिली कसोटी मी हीच धरते.

ही यादी आणि शिक्का जिथे नसतात तिथे काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारच्याच राज्यात घडले आहे. तेलंगणात शासनाच्या वेगवेगळ्या खात्यांकडची माहिती एकत्र जुळवून कोणाची शिधापत्रिका खरी आणि कोणाची संशयास्पद हे ठरवणारी ‘समग्र वेदिका’ नावाची यंत्रणा वापरली गेली. त्या राज्यात २०१४ ते २०१९ या काळात १८ लाखांहून अधिक शिधापत्रिका रद्द झाल्या, आणि नोटीस नाही, चौकशी नाही, दुकानात गेल्यावरच धान्य बंद झाल्याचे कळते, अशा तक्रारी पुढे आल्या. नावातल्या साधर्म्यामुळे रिक्षा ओढून पोट भरणाऱ्या माणसाच्या कुटुंबाच्या नावावर मोटार लागली आणि त्या कुटुंबाचे धान्य गेले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द झालेल्या पत्रिकांची प्रत्यक्ष पडताळणी करण्याचा आदेश दिला, आणि त्या पडताळणीत हजारो लोक पात्र असूनही वगळले गेल्याचे निघाले. यंत्राने नावे जुळवण्यात चूक केली हा भाग मी समजू शकते, कारण आपल्याकडे एकाच नावाची शंभर माणसे असतात आणि एकाच माणसाचे नाव चार कागदांवर चार प्रकारे लिहिलेले असते. पण धान्य थांबवण्यापूर्वी त्या घरी कोणी गेले नाही आणि घरच्यांना काही विचारले नाही. हे यंत्राने केलेले नाही, तसे करायचे हे माणसांनी ठरवलेले होते.

हा दोष गरीब देशांचाच आहे असेही नाही. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पाळणाघरासाठी मिळणाऱ्या अनुदानात गैरव्यवहार शोधण्यासाठी कर खात्याने जोखीम मोजणारी यंत्रणा वापरली, तिच्यात परकीय नागरिकत्व हा जोखमीचा एक घटक धरलेला होता. हजारो आईबापांना फसवे ठरवून वर्षांनुवर्षांचे अनुदान परत मागण्यात आले, लोक कर्जात बुडाले, संसार मोडले, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या देशाच्या संपूर्ण मंत्रिमंडळाला या प्रकरणावरून राजीनामा द्यावा लागला.

आता आपल्या कायद्याकडे येते. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी भारतात कायदाच नाही’ असे सरसकट विधान केले जाते, ते अर्धेच खरे आहे. ऐकून घेतल्याशिवाय कोणाच्याही विरुद्ध निर्णय द्यायचा नाही, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात संविधानाच्या २१व्या अनुच्छेदाशी घट्ट बांधले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, आणि त्यावर बंधन घालायचे असेल तर त्यामागे कायदा हवा, उद्देश न्याय्य हवा आणि उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा, अशी कसोटी आखून दिली. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(घ) प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तीला स्वतःहून द्यायची असतात. हे कलम २००५ पासून आहे आणि माझ्या अनुभवात सर्वांत कमी वापरले जाणारे कलमही तेच आहे. महाराष्ट्रात तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, ज्यात अर्ज नाकारल्यास लेखी कारण देणे आणि पहिले, दुसरे अपील ऐकणे बंधनकारक केले आहे. या सर्व तरतुदी यंत्राच्या निर्णयालाही लागू होतात असे माझे ठाम मत आहे. खात्याने निर्णय संगणकाकडून करवून घेतला म्हणून तो संगणकाचा होत नाही, तो खात्याचाच राहतो. ‘प्रणालीने नाकारले’ हे कारण नाही. कोणत्या नोंदीवरून नाकारले, ती नोंद कुठून आली आणि ती चुकीची असेल तर कोणाकडे दुरुस्त होईल, हे सांगितले तर ते कारण.

अडचण अशी आहे, की या तरतुदी लिहिल्या गेल्या तेव्हा निर्णय घेणारा माणूस खुर्चीवर बसलेला असतो हे गृहीत होते. आज ज्या लिपिकाकडे आपण कारण विचारतो त्यालाच ते ठाऊक नसते, कारण यंत्रणा बाहेरच्या कंपनीने बनवलेली असते आणि तिचे आतले गणित व्यापारी गुपित म्हणून झाकलेले असते. इथे जुना कायदा अपुरा पडतो आणि नवा हवा असतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ही पोकळी भरून काढेल अशी मला आशा होती. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आपली माहिती कोणाकडे आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्याने दिला, हे महत्त्वाचे आहे. परंतु निव्वळ यंत्राने घेतलेल्या निर्णयाविरुद्ध माणसाकडे दाद मागण्याचा हक्क, जो युरोपच्या माहिती संरक्षण कायद्यात २०१८ पासून अमलात आहे, तो आपल्या कायद्यात नाही. केंद्र सरकारला सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी शासनाच्या एखाद्या यंत्रणेला या कायद्यातून सूट देता येते. दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत आहे, पण तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याचे नुकसान झाले त्याला त्यातून काही मिळण्याची तरतूद नाही.

आमच्या नाशिकमध्ये हा विषय लवकरच कागदावरून रस्त्यावर येणार आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे आणि २०२७ मध्ये नाशिकची अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर या दिवशी आहेत. गर्दीच्या नियोजनासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे वापरले जाणार असल्याचे शासनाकडून वेळोवेळी सांगितले गेले आहे, आणि त्यामागच्या गरजेबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी पंचवटीतल्या अरुंद रस्त्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक दगावले. प्रयागराजच्या महाकुंभात २९ जानेवारी २०२५ रोजी झालेली चेंगराचेंगरी सर्वांनी पाहिली. गोदावरीवरच्या रामकुंडाकडे, म्हणजे स्नानाच्या जागेकडे, उतरणाऱ्या गल्ल्या ज्याने पर्वणीच्या दिवशी पाहिल्या आहेत, तो गर्दी मोजणाऱ्या यंत्राला नको म्हणणार नाही.

पण गर्दी मोजणे वेगळे आणि गर्दीतला माणूस ओळखणे वेगळे. २०१५ च्या सिंहस्थात नाशिकच्याच शाळकरी वयाच्या मुलांनी आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी एक चटई तयार केली होती. ती वाटेत अंथरायची, तिच्यावर पडणारी पावले आतले संवेदक मोजायचे आणि किती माणसे या वाटेने पुढे गेली याचा आकडा क्षणाक्षणाला नियंत्रण करणाऱ्यांना मिळायचा. त्या चटईवरून साधू गेला की चोर, नाशिककर गेला की परप्रांतीय, हे तिला कळत नव्हते आणि कळण्याची गरजही नव्हती. चेंगराचेंगरी टाळण्यासाठी लागणारी सगळी माहिती त्या आकड्यात होती. पुट्टस्वामी निकालातली ‘उद्देशाच्या प्रमाणात उपाय’ ही कसोटी कोणाला समजावून सांगायची असेल, तर मी ही चटई दाखवते. कॅमेराही डोकी मोजू शकतो आणि तिथेच थांबू शकतो. तोच कॅमेरा प्रत्येक चेहरा टिपून तो पोलिसांच्या नोंदींशी ताडून पाहू लागला, की उद्देश बदलतो आणि त्या बदलासाठी वेगळा कायदा, वेगळी परवानगी आणि वेगळी जाहीर सूचना लागते. हरवलेली मुले आणि म्हातारी माणसे शोधण्यासाठी चेहरा ओळखणे उपयोगी पडेल हे मला मान्य आहे; कुंभात हरवणाऱ्यांची संख्या मोठी असते आणि त्यांच्या घरच्यांची घालमेल मी जवळून पाहिलेली आहे. त्यासाठी हरवलेल्या व्यक्तीचे छायाचित्र तिच्या नातेवाइकांनी द्यावे, तेवढाच चेहरा शोधावा आणि मेळा संपल्यावर सगळे चित्रण ठरलेल्या मुदतीत पुसून टाकावे. कुंभासाठी बसवलेले कॅमेरे कुंभानंतर कशासाठी चालू राहणार, हे आधी लिहून ठेवले नाही, तर नंतर कोणी विचारणार नाही.

आणि यातली माझी खरी भीती पोलिसांच्या नोंदींबद्दल आहे. चेहरा जुळवणारी यंत्रणा कधीच शंभर टक्के खात्रीने सांगत नाही, ती केवळ साम्याचे प्रमाण सांगते. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार ८० टक्के साम्य असले की ते जुळणी पक्की मानतात. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या व्यापारी यंत्रणा तपासल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचे प्रमाण एक टक्क्याच्या आत होते आणि सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते एका यंत्रणेत ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले होते. त्यानंतर यंत्रणा सुधारल्या आहेत. परंतु समजा चेहऱ्याची जुळणी अचूक झाली, तरी ती ज्या नोंदीशी होते ती नोंद कशी तयार झाली, हा प्रश्न उरतोच, आणि महाराष्ट्रात त्याचे उत्तर फार जुने आहे.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून काही समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. आपल्याकडचे पारधी त्यांत होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो, पण पोलीस ठाण्यातल्या वहीतून ती सवय गेली नाही. गावात चोरी झाली की पहिला छापा पारध्यांच्या पालावर पडतो, हे फौजदारी वकिली करणाऱ्या कोणालाही विचारावे. छापा पडला की नोंद होते. पुढे खटला टिकला नाही, माणूस निर्दोष सुटला, तरी नोंद मागे राहते. अशा हजारो नोंदी शिकायला दिल्या, तर यंत्र त्यांतून गुन्हेगारी शिकणार नाही, पोलिसांनी कोणावर संशय घेतला हे शिकेल आणि तोच संशय टक्केवारीच्या भाषेत परत करील. माणसाच्या संशयाला निदान उलटतपासणीत विचारता येते की तुम्हाला हा संशय का आला. टक्केवारीला कोण विचारणार? महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पोलीस दलाच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी ‘मार्व्हल’ ही स्वतंत्र कंपनी स्थापन केली आहे. तपासाचे काम जलद होणार असेल तर ते मला हवेच आहे, कारण माझ्या पक्षकारांची निम्मी हयात तपासाच्या दिरंगाईत जाते. मात्र जुन्या नोंदी यंत्राच्या हाती देण्यापूर्वी त्या कोणत्या आणि त्यांतल्या निर्दोष सुटलेल्यांच्या नोंदी वगळल्या का, हे स्वतंत्र माणसांकडून तपासले गेले पाहिजे. २०२७ च्या दुसऱ्या अमृतस्नानाची तारीख ३१ ऑगस्ट आहे, म्हणजे नेमका विमुक्त दिन. त्या दिवशी रामकुंडाच्या वाटेवर फुगे आणि माळा विकायला पारधी बायका येतील, मुले कडेवर घेऊन. त्यांच्या चेहऱ्यांपुढे कॅमेऱ्याने काय लिहिले आहे, हे त्यांना कोणी सांगणार नाही.

रामकुंडापासून काळाराम मंदिर चालत दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद केले गेले होते, आणि कोणाला आत घ्यायचे हे जन्मावरून ठरत होते. संविधानाच्या १७व्या अनुच्छेदाने तो भेद बेकायदा केला. आज कर्ज देणाऱ्या किंवा नोकरीचे अर्ज चाळणाऱ्या यंत्राला जातीचा रकाना कोणी देणार नाही, पण आपल्याकडे आडनाव, वस्तीचा पिनकोड, शाळेचे नाव यांतून जात कळते, आणि जे माणसाला कळते ते लाखो अर्ज वाचलेल्या यंत्राला अधिकच कळते. म्हणून ‘आम्ही जात विचारतच नाही’ हा बचाव न्यायालयाने स्वीकारू नये. वेगवेगळ्या समाजघटकांच्या बाबतीत निकाल काय लागले, ते मोजून दाखवण्याची जबाबदारी यंत्र वापरणाऱ्यावर टाकावी.

नियमनाने उद्योग मरेल, असा आक्षेप माझे अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत काम करणारे परिचित नेहमी घेतात. त्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. म्हणूनच सगळ्या यंत्रांना एक कायदा नको. द्राक्षबागेत पानांची छायाचित्रे पाहून डाऊनी रोग आला की भुरी हे सांगणारे ॲप चुकले, तर फवारणीचा खर्च वाया जाईल, पण बागायतदाराला तो सल्ला नाकारता येतो. त्या ॲपच्या मागे निरीक्षक लावण्याची गरज नाही. शिधा, निवृत्तिवेतन, कर्ज, नोकरी, शाळाप्रवेश, अटक या ठिकाणी मात्र माणसाला यंत्र नाकारता येत नाही, आणि तिथे कडक नियम हवेत. युरोपीय संघाचा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आलेला कायदा याच विचारावर उभा आहे. नागरिकांना वर्तणुकीवरून गुण देणे, शाळेत किंवा कामाच्या ठिकाणी भावना ओळखणारी यंत्रे लावणे, इंटरनेटवरून सरसकट चेहरे गोळा करणे, यांवर त्याने फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली, आणि जोखमीच्या कामांत यंत्राच्या आधारे निर्णय झाल्यास त्याचे स्पष्टीकरण मागण्याचा हक्क बाधित व्यक्तीला दिला. पोलिसांना चेहरा ओळखण्यासाठी त्याने ठेवलेले अपवाद मला पसंत नाहीत. भारत सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेली मार्गदर्शक तत्त्वे सात सूत्रे सांगतात आणि तूर्त वेगळा कायदा नको, असलेले कायदे पुरेसे वापरावेत, अशी भूमिका घेतात. ती सूत्रे वाचायला चांगली आहेत, पण ती मोडली म्हणून मी कोणत्याही न्यायालयात दावा लावू शकत नाही.

असलेले कायदेच वापरायचे तर ते वापरून पाहावेत, म्हणून मी या आठवड्यात कुंभातल्या कॅमेऱ्यांविषयी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, वर दहा रुपयांचे कोर्ट फी मुद्रांक. माझ्या पहिल्या मसुद्यात नऊ प्रश्न होते: कॅमेऱ्यांची संख्या, कंत्राटाच्या अटी, चित्रण किती दिवस ठेवणार, कोणत्या नोंदींशी ताडून पाहणार, साम्याचे प्रमाण किती धरणार, आणि असेच. शब्द मोजत मोजत एकेक प्रश्न काढावा लागला. शेवटी तीनच उरले. चित्रण पुसण्याच्या मुदतीचा आदेश आणि ज्या नोंदींशी चेहरे जुळवले जातील त्यांची यादी, हे पहिले दोन. तिसऱ्यात मी अशा आदेशाची प्रत मागितली आहे, ज्याने चुकीने ओळखल्या गेलेल्या व्यक्तीचे म्हणणे तिथल्या तिथे ऐकून यंत्राचा निष्कर्ष रद्द करण्याचा अधिकार एखाद्या अधिकाऱ्याला दिला असेल, आणि तो अधिकारी पर्वणीच्या दिवशी कोणत्या ठिकाणी बसेल हे नमूद केले असेल.